ओल आहे तोवर

ट्रक यायचा पहाटे. तळकोकणातून करूळ घाट चढून गगनबावडा, तिथून कोल्हापूर. बांबूंचे शेंडे गाडीच्या मागं रस्त्याला घासत यायचे आणि तो खरखराट गल्लीच्या तोंडाशी आला की आमच्या घरात दिवा लागायचा. आजी आधीच उठलेली असायची. ती हाका मारायची नाही, सरळ आमच्या अंगावरची वाकळ ओढायची. एका वाकळेखाली आम्ही चार-पाच जणं झोपायचो, त्यामुळं एकाला उठवलं की सगळीच उठायची.

"चला, हिरवं आलंय."

ताज्या तोडीच्या बांबूला आमच्या घरात नुसतं 'हिरवं' म्हणायचे. हिरवं आलं, हिरवं संपत आलं, हिरवं उन्हात टाकू नका. बाहेरच्या माणसाला वाटावं, भाजीची गोष्ट चाललीय.

आम्ही बुरूड. थोरल्या काकांची चार, आमची तीन आणि धाकट्या काकांची दोन अशी नऊ भावंडं त्या घरात वाढलो. आत्याचं सासर चारच घरं सोडून होतं, म्हणून ती दिवसभर माहेरीच असायची आणि तिची दोन मुलंही आमच्यातच धरली जायची. अकरा पोरं. आबांना, म्हणजे आमच्या आजोबांना, आमची नावं एका दमात घेता यायची नाहीत, पण कुणाच्या हातची वीण कुठली, हे ते लांबून ओळखायचे. सैल वीण धाकटीची, करकचून ओढलेली माझी, आणि दर चौथ्या ओळीला एक घर चुकलेली थोरल्या दादाची, कारण त्याचं लक्ष रस्त्यावर.

हिरवं घरात आलं की घराचं घड्याळ बदलायचं. तोडलेला बांबू उन्हात पडला तर चार दिवसांत त्याची टोकं चिरतात. सावलीत ठेवला, वर ओलं गोणपाट टाकलं, तर आणखी थोडे दिवस तो तुमचं ऐकतो. पुढं मात्र तो सुकत जातो, आणि सुकलेला बांबू फोडायला गेलं तर चीर हवी तिकडं जात नाही, कामटी, म्हणजे फोडून काढलेली पट्टी, मध्येच कटकन मोडते. म्हणून ट्रक उतरला की कुणी कुणाला काम सांगत नसे. आबा आणि काका फोडायला बसायचे. आजी, आई, दोन्ही काकू आणि आत्या सोप्यात विणायला. थोरली पोरं कामट्यांचे भारे इकडून तिकडं न्यायची, आम्ही मधल्या पोरांनी हौदातून पाणी आणून गोणपाटं भिजवायची आणि अगदी लहानांनी जमिनीवरची कुसळं वेचायची. भांडणं असायची, घर म्हटल्यावर असणारच. दोन काकू एकमेकींशी आठ-आठ दिवस बोलायच्या नाहीत. पण हिरवं आलं की ती भांडणं बाजूला राहायची, कारण एकीनं बूड घातल्याशिवाय दुसरीला भिंत चढवता येत नसे. मला आज वाटतं, आमचं घर इतकी वर्षं एकत्र राहिलं ते त्या ओलीमुळं. तिला रुसव्याफुगव्यांसाठी वेळ नव्हता.

आबा बांबू निवडायचे ते बघण्यासारखं होतं. गाडीवरून उतरवताना प्रत्येक बांबूवर बोटाची पेरं वाजवायची, बुंध्याकडं बघायचं आणि एका शब्दात सांगायचं: कवळा, चालंल, निबर. 'दोन पावसाळे बघितलेला' बांबू विणकामाला उत्तम, असं त्यांचं माप. बांबू एकाच पावसाळ्यात जमिनीतून वर येतो आणि दोन-तीन महिन्यांत पूर्ण उंचीचा होतो. त्याची जाडीही पुढं वाढत नाही. वाढायचं सगळं पहिल्याच वर्षी, मग उरलेली वर्षं आतून घट्ट होत जायचं. पहिल्या वर्षाचा बांबू अंगावर पांढरी भुकटी आणि कांड्याला चिकटलेले कागदासारखे पापुद्रे घेऊन येतो. तो विणायला मऊ, पण वाळला की आवळतो आणि त्याला घुण फार लवकर लागतो. जुना झालेला बांबू राखट दिसतो, त्यावर दगडफुलासारखे डाग येतात. तो मांडवाला, शिडीला चांगला. टोपलीत त्याला वळवायला गेलं की तो वळत नाही, मोडतो. आबांना यातलं काही शब्दात सांगता यायचं नाही. ते बांबू पुढं करायचे आणि म्हणायचे, "वाजव." आम्ही वाजवायचो. "आता हा वाजव." फरक कळेपर्यंत हेच चालायचं.

सिंधुदुर्गातून येणारा माणगा जातीचा बांबू त्यांचा आवडता. त्याला काटे नसतात आणि बुंध्याशी तो जवळजवळ भरीव असतो. बुट्टीचे उभे ताणे, काठाच्या कडा त्याच्याच. जवळच्या डोंगरातून मेसकाठी यायची. कळक काटेरी, जाड, पोकळ. तो घरात यायचा तो शिड्यांसाठी, आणि आणखी एका कामासाठी, त्याचं पुढं सांगते.

फोडायचं काम पुरुषांचं आणि विणायचं बायकांचं, अशी वाटणी आमच्याकडं होती. आत्यानं ती माझ्यापुरती मोडली. १९७७ चा उन्हाळा, मी अकरा वर्षांची. दुपारी आबा आडवे झाले होते. आत्यानं त्यांची कत्ती उचलली आणि मला खुणेनं परसात बोलावलं.

"बस हितं. पाय असा. न्हाई, अंगठा बांबूच्या खाली."

तिनं शेंड्याकडून कत्तीचं पातं बरोबर मध्यावर ठेवलं आणि वर दगडानं हलकेच एक ठोका दिला. पातं बोटभर आत गेलं. मग तिनं कत्ती माझ्या हातात दिली आणि सांगितलं, आता मारू नको, पिळ. मी मनगट फिरवलं. बांबूतून आवाज आला, ओलं जाड कापड फाडावं तसा, आणि पुढच्या गाठीपर्यंत चीर आपोआप धावली. गाठीशी जरा थांबली, परत पिळल्यावर 'टक्' करून ओलांडून पुढं गेली. फोडलेल्या कांड्याच्या आत पांढरं पातळ आवरण होतं, त्यावर बोट फिरवलं तर ओलसर लागत होतं, आणि वास येत होता तो नुकत्याच कापलेल्या काकडीसारखा. तो वास मला अजून कुठंही आला तरी मी थांबते.

चौथ्या गाठीला माझी चीर एका बाजूला पळाली. एक फाक जाड, दुसरी पातळ होत चालली. मी घाबरून पातळ बाजूवर जोर लावला. आत्यानं माझा हात धरला.

"चुकतंय. तिला वाटतं तू तिला तिकडंच ढकलाय लागलीस. जाड बाजू वाकव. जाड बाजू."

मी जाड फाक खाली वाकवली. चीर हळूहळू, अगदी डोळ्यांदेखत, परत मध्यावर आली. त्या वेळी मला जे वाटलं ते सांगायला शब्द कमी पडतात. हातातल्या एवढ्याशा दाबानं लाकडाच्या आतली वाट बदलता येते, हे मला त्या दुपारी कळलं. चीर नेहमी पातळ बाजूकडं पळते आणि तिला परत आणायचं तर जाड बाजूला वाकवायचं. पण हे सगळं बांबू ओला आहे तोवरच. वाळलेल्या बांबूत चीर परत येत नाही, ती सुटते आणि जाते.

आबा उठून दारात उभे होते. किती वेळ ते माहीत नाही. त्यांनी आत्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, फाका उचलल्या आणि दोन्ही डोळ्यांसमोर धरून जाडी जुळवली. "चौथ्या गाठीला गेल्ती," एवढंच म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून माझं गोणपाट भिजवायचं काम धाकटीकडं गेलं.

फाकेच्या चार, चाराच्या आठ होतात ते अवघड नाही. खरी परीक्षा पाठ आणि पोट वेगळं करताना. कामटीची हिरवी चकचकीत बाजू ती पाठ, आतली पांढरट बाजू ते पोट. पाठ चिवट आणि टिकाऊ, पोट ठिसूळ. पोट काढून टाकल्याशिवाय बारीक वीण जमत नाही. कामटीच्या टोकाला कत्ती लावून पदर सुटा करायचा, एक पदर पायाच्या अंगठ्यात धरायचा, दुसरा हातानं ओढत न्यायचा. इथंही तोच नियम: जाड होईल तो वाकवायचा. आजी हे काम गप्पा मारत, खाली न बघता करायची. तिच्या हातून निघालेली पाठ एवढी पातळ असायची की उन्हासमोर धरली तर बोटांची सावली पलीकडून दिसायची. माझे हात मात्र महिनाभर चिरलेले. बांबूची कड वस्तऱ्यासारखी असते आणि कुसळ तळहातात शिरलं की ते दिसत नाही, नुसतं बोचतं. रात्री कंदिलापाशी बसून आई सुईनं ते काढायची आणि वर हळद-तेल लावायची. अकरा पोरांच्या तळव्यांची रांग.

विणायला शिकवलं आजीनं. पहिला धडा मोजायचा. बूड घालताना उभे ताणे विषम हवेत, सम झाले तर एकाच पट्टीनं गोल फिरत विणता येत नाही, दुसऱ्या फेरीतही पट्टी पहिल्याच ताण्यांवरून जाते आणि वीण धरत नाही. मला हे वहीवर समजावून कुणी सांगितलं असतं तर लक्षात राहिलं नसतं. आजीनं मुद्दाम सोळा ताण्यांचं बूड घालू दिलं. मी तीन फेरे विणले आणि बूड उचललं, तर सगळं सुटून मांडीवर. तिनं तेव्हा एक ताणा मधोमध फाडून त्याचे दोन केले. "आता सतरा." मग परत सुरुवात. शाळेत गुरुजींनी सम-विषम शिकवलं तेव्हा मी आणि धाकटी एकमेकींकडं बघून हसलो होतो, आम्हाला ते मांडीवर शिकवून झालं होतं.

आमच्या घरात तयार होणाऱ्या वस्तूंची नावं आज माझ्या मुलीला सांगितली तर ती चार-पाचच ओळखते. भाकऱ्यांची दुरडी, शेण-मातीची पाटी, माल वाहायची बुट्टी, पसरट शिप्तर, कोंबड्यांवर झाकायचं डालगं, धान्याची कणगी, बैलगाडीचा तट्ट्या, बाळाचा पाळणा. पश्चिमेकडच्या भातशेतीच्या गावांतून रोपलावणीच्या आधी इरल्याचे सांगाडे मागायला माणसं यायची. बाया नवी बुट्टी घरी नेऊन तिला शेण आणि वाटलेली मेथी लिंपायच्या म्हणजे भोकं बुजतात आणि पीठ सांडत नाही. पूर्वीच्या स्वयंपाकघरात टोपल्या चुलीच्या वर टांगलेल्या असायच्या. धूर बसला की घुण लागत नाही. गॅस आला आणि टोपल्या लवकर खराब व्हायला लागल्या, लोक म्हणायला लागले की बुरूड पहिल्यासारखं काम करत नाहीत. आबांना हे फार लागायचं. काम तेच होतं, धूर गेला होता.

परडीबद्दल मात्र वेगळं सांगायला हवं. अंबाबाईच्या आणि यल्लम्माच्या जोगव्याची परडी. मार्गशीर्ष पौर्णिमेला सौंदत्तीच्या यात्रेला जाणारी माणसं आधी आमच्या दारात यायची. परडी विणायला बसताना आजी अंघोळ करून, धूतवस्त्र नेसून बसायची आणि त्या दिवशी त्या कामट्या आम्हाला ओलांडू द्यायची नाही. परडीचा भाव ती कधी सांगत नसे. जोगतीण जे देईल ते पदरात घ्यायची आणि परडी तिच्या हातात देताना वाकून नमस्कार करायची. लहानपणी मला प्रश्न पडायचा, वस्तू आपण केली, मग नमस्कारही आपणच का करायचा? एकदा विचारलं तेव्हा ती म्हणाली, "माझ्या हातनं गेली की ती माझी ऱ्हात न्हाई."

गौरीच्या सणाची सुपं हे वर्षातलं सगळ्यात मोठं काम. नव्या सुनेचा ववसा सुपातून द्यायचा असतो, त्यामुळं भाद्रपदाच्या आधी शेकड्यांनी सुपं लागायची. पण पावसाळ्यात बांबू तोडत नाहीत, तेव्हा नवे कोंब वर येत असतात. म्हणून शेवटचा ट्रक मृगाच्या आधी यायचा आणि तो बांबू परसातल्या छपराखाली, पन्हळीचं पाणी अंगावर घेत पडून राहायचा. आषाढ-श्रावणातली ओलसर हवा आमच्या कामाला फार मानवायची. बाहेर पावसाची झड, सोप्यात सात-आठ बायका ओळीनं बसलेल्या, कामट्यांचा सळसळ आवाज, मध्येच कुणीतरी गौरीचं गाणं सुरू करायची. आमची पिढी ज्याला घर म्हणते ते बहुतेक हेच आहे.

बारशाआधी पाचवीला बाळाला सुपात निजवायचं, तेव्हा नवं सूप आमच्याकडचं. लग्नाला टोपल्या आमच्याकडच्या. आणि रात्री-अपरात्री कडी वाजली की आबा काही न विचारता उठायचे. तो कळकाचा दुसरा उपयोग. तिरडीसाठी दोन लांब काठ्या आणि मधल्या आडव्या पट्ट्या. ते कंदील घेऊन परसात जायचे, सरळ आणि चांगले बांबू निवडायचे, आणि बाहेर थांबलेल्या माणसाला पाणी विचारायचे. त्या रात्री आमच्यापैकी जो जागा असेल त्यानं कंदील धरायचा. मी पहिल्यांदा धरला तेव्हा घाबरले होते. आबा म्हणाले, "हलवू नको उजेड. चांगला बांबू दिला पायजे." शेवटच्या बांबूतही त्यांनी कधी कमी-जास्त केलं नाही.

आजीच्या गोष्टींत केतय्या असायचे. बाराव्या शतकात कर्नाटकातल्या कल्याणमध्ये बसवेश्वरांबरोबरच्या शरणांत मेदार केतय्या होते आणि बांबूचं काम हाच त्यांचा व्यवसाय होता. आजीचं माहेर कर्नाटकातलं, तिच्यासाठी ते घरातलेच कुणी वडीलधारे होते. बांबू फोडायला घेताना ती त्यांचं नाव पुटपुटायची. थोरल्या दादानं पुढं ग्रंथालयातून लक्ष्मण माने यांचं 'उपरा' आणलं. १९८० साली आलेलं पुस्तक. कैकाडी समाजातल्या लेखकाचं हे आत्मकथन, आणि त्यात नदीकाठची फोकं तोडून टोपल्या विणणारं घर. दादा रात्री मोठ्यानं वाचायचा आणि घरातली सगळी मोठी माणसं ऐकत बसायची. आमच्याकडं बांबू चिरून विणतात, त्यांच्याकडं ओली फोकं अख्खी वळवतात. वीण वेगळी, पण त्यांनी जे हाल सोसले ते ऐकताना आजीचे हात थांबले होते. आमच्या डोक्यावर निदान छप्पर होतं. तिनं त्या रात्री एकही कामटी ओढली नाही.

ट्रक कधी कधी यायचाच नाही. नाक्यावर अडवलेला असायचा. बांबू नेण्याच्या पासावरची एखादी तारीख, एखादा शिक्का. १९२७ च्या वन कायद्यात बांबू 'झाड' धरला होता, त्यामुळं शेताच्या बांधावर शेतकऱ्यानं स्वतः लावलेला बांबू हलवायलाही अडचणी यायच्या. आबा दिवसभर नाक्यावर बसून असायचे आणि तिकडं गाडीत बांबू वाळत असायचा. चूक कुणाचीही असो, भुर्दंड आमच्या ओलीला. बांबू हे गवत आहे, ऊस-ज्वारीच्या कुळातलं, हे शाळेत वाचून मी घरी येऊन सांगितलं तेव्हा आबा म्हणाले, "मग त्यास्नी सांग की." जंगलाबाहेरच्या बांबूला झाडाच्या व्याख्येतून काढलं गेलं ते २०१७ साली. आबा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. त्या दिवशी पेपरातली ती बातमी मी कापून आत्याला दिली, तिनं ती आबांच्या फोटोच्या चौकटीत खोचली. अजून तिथंच आहे.

नव्वदीच्या आसपास प्लास्टिकची सुपं, घमेली, टब आले आणि आमच्या गल्लीतली एकेक ओसरी रिकामी होत गेली. त्याबद्दल फार लिहावं असं वाटत नाही. ग्राहकानं हलकी, धुता येणारी, स्वस्त वस्तू घेतली, त्याचा राग धरण्यासारखं काही नाही. आम्ही अकरा जणं शिकलो, बहुतेक नोकऱ्यांना लागलो. मी पुण्याला, धाकटी सांगलीला, दोघं मुंबईला. घरी राहिला तो थोरला दादा, ज्याचं लक्ष रस्त्यावर असायचं तोच. तो आणि वहिनी दरवर्षी गौरीची सुपं करतात, थोड्या परड्या, आणि मांडवाचे बांबू देतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचं पाणी आमच्या परसातून सोप्यात आलं. छातीएवढं. दादा-वहिनी आत्याला घेऊन वेळेवर बाहेर पडले होते. महामार्ग बंद होता, तो सुरू झाल्यावर आम्ही निघालो, आणि कुणी ठरवलं नसताना सहा जणं एकाच दिवशी घरी पोचलो. सोप्यात वीतभर गाळ. गौरीसाठी विणून रचून ठेवलेली तीनशेच्या वर सुपं, सगळी चिखलानं भरलेली, बुरशी धरायला लागलेली. गटाराचं पाणी लागलेलं सूप धुऊन विकता आलं असतं, पण ववशाला द्यायचं सूप, दादा त्याला तयार होणं शक्यच नव्हतं. त्यानं ती सगळी जाळायला काढली. ओली होती, जळतही नव्हती.

गौरी यायला तीन आठवडेही नव्हते. तेव्हा आत्या, पंच्याहत्तरी ओलांडलेली, काठी टेकत परसात गेली. छपराखाली मृगाआधी आणलेले बांबू खांबाला बांधून ठेवले होते, म्हणून वाहून गेले नव्हते. आठवडाभर पाण्याखाली होते. ती वाकली, एकाला बोटांनी वाजवलं, मग दुसऱ्याला.

"हे बघ की, हिरवं हाय अजून."

आम्ही बांबू धुतले, घासले. दादानं फोडायला घेतलं. त्याचा एकट्याचा हात पुरणार नव्हता, म्हणून मी दुसरी कत्ती घेतली. तीस वर्षांनी. पहिला बांबू माझ्याकडून वाया गेला, दुसरा अर्धा. तिसऱ्याला चीर डावीकडं पळाली आणि माझ्या हातानं, मी काही ठरवायच्या आत, जाड बाजू खाली वाकवली. सोप्यात बाकीचे विणायला बसले. नंतर माझ्या लक्षात आलं, की कुणीही कुणाला जागा दाखवली नव्हती, तरी धाकटी खांबापाशी, मुंबईचा भाऊ उंबऱ्यालगत, वहिनी आजीच्या जागी. दोन काकूंच्या जागा तेवढ्या मोकळ्या सोडलेल्या. सोळा दिवसांत दोनशे चाळीस सुपं झाली. तळहात पहिल्यासारखेच चिरले, आणि सुईनं कुसळं काढायला चष्मे लागले.

सोपा धुताना तुळईच्या खोबणीत आबांची मापाची काठी सापडली. माणग्याची, हातभर लांब, वर्षानुवर्षं हाताळून तपकिरी गुळगुळीत झालेली, आणि तिच्यावर सात खाचा. आबा फूटपट्टी वापरत नसत, ती काठी ताण्याला लावून तोडायचे. आम्ही सगळे तिच्याभोवती बसलो. पहिली खाच परडीची, ते सगळ्यांना माहीत. मग दुरडी, सूप, शिप्तर, पाटी, बुट्टी. सातवी खाच, परडी आणि दुरडीच्या मधली, कशाची ते कुणाला सांगता येईना. दादा म्हणाला शेवयांच्या टोपलीची. धाकटी म्हणाली, फुलवाल्यांची. आत्यानं काठी हातात घेतली, खाचेवर अंगठा फिरवत बराच वेळ बसली. "आबा कायतरी करायचं ह्या मापाचं. हातात घ्यायचं काहीतरी." तिलाही आठवलं नाही.

शेवटच्या दिवशी थोडं हिरवं उरलं होतं. दादानं त्या खाचेला लावून सतरा ताणे तोडले, धाकटीनं बूड घातलं, मी भिंत चढवली आणि काठ आत्यानं बांधला. बघितली की ओळख पटेल, असं वाटलं होतं. टोपली तयार झाली, हातोहात फिरली, प्रत्येकानं उलटी-सुलटी करून बघितली. कुणालाच ओळखू आली नाही. वहिनी त्यात कांदे ठेवते.